शंभरचं युनिट, तिमाहीला तीन रुपये: चार वर्षांनंतरचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्यात तिमाहीचे पैसे खात्यात पडले त्याच संध्याकाळी जावईबापूंचा फोन. "मामा, ते इन्विट अजून ठेवलंय का? मी काढून टाकलं." पुण्याला आयटीत आहेत, हिशेबाला पक्के माणूस. मी म्हटलं, बघतो. तेव्हापासून दोन महिने बघतोच आहे. वहीची चार पानं भरली, तेव्हा म्हटलं आता लिहूनच काढावं. वस्तू चार वर्षं वापरली की तिच्याबद्दल बोलायचा हक्क येतो. मिक्सरबद्दल लोक लिहितात, मग युनिटबद्दल का नको?

वस्तूचं पूर्ण नाव पॉवरग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. सगळे पीजी इन्विट म्हणतात. पॉवरग्रिड या सरकारी कंपनीनं उभ्या केलेल्या वीजवाहिन्या या ट्रस्टमध्ये आहेत. त्यांचं भाडं युनिटवाल्यांना वाटलं जातं, आणि युनिट बाजारात शेअरसारखं घेता-विकता येतं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पब्लिक इश्यू आला, ९९ ते १०० रुपये भाव, आणि कमीत कमी ११०० युनिटं घ्यायची सक्ती. म्हणजे एका झटक्यात १ लाख १० हजार. अकराशेचा एक लॉट, मी दोन लॉटला अर्ज केला, एक लागला. इश्यू झाल्यावर काही महिन्यांतच बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं लॉटची अट काढली. आता एक युनिटसुद्धा मिळतं.

मी कोण, तेही सांगतो, नाहीतर माझं गणित कुणाला कळायचं नाही. ३४ वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर. आधी एमएसईबी, २००५ ला तीन कंपन्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला वीज वाहून नेणारी महापारेषण आली. २०२० च्या डिसेंबरात रिटायर झालो. लोकांना वाटतं वीज मंडळ म्हणजे पेन्शन. तसं नाही. आम्हाला ईपीएस-९५ चं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेचं, महिन्याला चार हजारांच्या आतलं. बाकी जो काही प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली, तिच्यावरच चूल. त्यातले १५ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ७.४ टक्क्यांनी. दर तिमाहीला २७,७५० रुपये येतात. २०२६ च्या जानेवारीत त्याची पाच वर्षं भरतात. इन्विट घेतलं ते या २७,७५० ला जोड म्हणून.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. या ट्रस्टमध्ये सुरुवातीला पाच ट्रान्समिशन कंपन्या टाकल्या होत्या: विझाग, काला अंब, जबलपूर, वरोरा आणि परळी. परळीचं नाव वाचलं आणि माझा हात अर्जाकडं गेला. गुंतवणुकीचं हे काही शहाणं कारण नव्हे. पण आयुष्यभर ज्या धंद्यात काढलं, त्यात निदान फसवलं कुठं जातंय ते कळतं, असा एक हिशेब होता.

परळीच्या बाजूला आमच्या मेहुण्यांचं शेत आहे. बांधावरून ७६५ केव्हीची, म्हणजे सात लाख पासष्ट हजार व्होल्टची, डबल सर्किट लाईन दिसते, एकाच टॉवरवर दोन लाईनी. हिवाळ्यात दव पडलं की पहाटे त्या तारांखाली उभं राहावं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर ऐकू येते. मेहुणे पहिल्यांदा घाबरले होते. "दाजी, करंट गळतो की काय ह्यातून?" त्यांना सांगितलं, गळत नाही, जास्त दाबानं तारेभोवतीची हवाच चरचरते, त्याला कोरोना म्हणतात, आणि हे नाव त्या रोगाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. एका फेजला एक तार नाही, झेब्रा जातीच्या सहा-सहा तारांचा जुडगा असतो. ती चरचर कमी व्हावी हे त्यामागचं एक कारण. मी नोकरीत २२० आणि ४०० केव्हीच पाहिलं. या टॉवरखाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

आता कामाची गोष्ट. या लाईनीला पैसे कशाचे मिळतात? माझे शेअरवाले मित्रसुद्धा इथं चुकतात. त्यांना वाटतं वीज जास्त गेली की कमाई जास्त. तसं नाही. पैसे मिळतात लाईन तयार असण्याचे. वर्षभरात ९८ टक्के वेळ लाईन चालू स्थितीत असली की ठरलेलं भाडं पूर्ण, त्याहून जास्त राहिली तर वर थोडं बक्षीस. मग तिच्यातून हजार मेगावॅट जावो नाहीतर शंभर. भाड्याचा करार ३५ वर्षांचा, आणि वसुली एका वीज कंपनीकडून नाही. देशभरच्या वापरणाऱ्यांकडून एकत्र गोळा होऊन वाटप होतं. एखाद्या राज्यानं बिल थकवलं तर त्याचा धक्का एकट्या परळीच्या लाईनीवर बसत नाही. मी लॉगशीटवर दर तासाला रीडिंग लिहिलेला माणूस आहे. ट्रिपिंग झालं, म्हणजे लाईन अचानक बंद पडली, की मिनिटासकट नोंद. कुणाच्या चुकीनं लाईन गेली यावर किती भांडणं होतात ते मी पाहिलंय. म्हणून ९८ टक्के हा आकडा मला कागदी वाटत नाही. नीट देखभाल असलेली नवी लाईन तो गाठतेच.

मग तक्रार कुठं आहे?

तक्रार तीन रुपयांत आहे. तिमाहीला युनिटमागं ३ रुपये, वर्षाला १२. पहिल्या अपुऱ्या वर्षात थोडं कमी आलं, पण त्यानंतर २०२५ पर्यंत हा आकडा हललेला नाही. शंभरवर बारा, म्हणजे बारा टक्के, असं आमच्या कट्ट्यावर सगळे धरून चालतात. दर वेळी जो कागद येतो तो कुणी उघडत नाही. उघडून बघा. तीन रुपयांत मोठा भाग व्याजाचा, थोडा लाभांशाचा, आणि थोडा 'कर्जाच्या परतफेडीचा'. आपल्या पैशातून ट्रस्टनं या लाईन कंपन्यांना कर्ज दिलेलं असतं, ते थोडं थोडं परत येतं. हा शेवटचा भाग म्हणजे तुमचंच मुद्दल. म्हशीचं दूध म्हणून जे आपण पितो, त्यात पावशेर पाणी नाही, म्हशीचीच किंमत थोडी थोडी परत येतेय. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून करखात्यानंही तेच धरलंय: परतफेडीचा भाग तुमच्या खरेदी किमतीतून वजा होतो. माझी कागदावरची खरेदी आता १०० राहिलेली नाही.

यात लबाडी नाही. कागदावर छापून येतं. पण 'बारा टक्के व्याज' म्हणून जो कुणी हे विकतो, त्याला दाराबाहेरच उभा करा.

माझं गणित असं. ११०० युनिटं, खर्च १ लाख १० हजार. चार वर्षांत हातात आले पन्नास हजारांच्या आसपास. जुलै २०२५ चा भाव नव्वदीच्या घरात, म्हणजे उरलेली किंमत ९९ हजार. दोन्ही मिळून दीड लाखाला थोडे कमी. वर्षाला साधारण नऊ टक्के पडले. पोस्टाच्या ७.४ पेक्षा बरं. फार मोठा तीर मारला असं नाही, पण पोस्टाला लाजवलं.

इथवर मी शहाणा होतो. पुढचा शहाणपणा ऐका. २०२२ च्या एप्रिलमध्ये भाव १३० च्या वर गेला. कट्ट्यावर जो तो आपलं शहाणपण सांगायला लागला, आणि मी आणखी ४०० युनिटं घेतली, १३२ नं. हिला सांगितलंही नाही. ५२,८०० रुपये. त्यानंतर महिनाभरात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे बँकांना कर्ज द्यायचा दर, वाढवायला सुरुवात केली, ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर नेला. एफडीचे दर वाढले, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना ८.२ वर गेली, तिची मर्यादाही १५ वरून ३० लाख झाली. ज्याचं उत्पन्न बारा रुपयांवर बांधलेलं आहे अशा वस्तूला मग १३२ कोण देणार? भाव घसरत शंभराखाली आला. लाईन तीच, टॉवर तेच, ३ रुपये तेच. त्या ४०० युनिटांवर मला तीन वर्षांत सुमारे पंधरा हजार मिळाले आणि किमतीत सतरा हजार गेले. ५२,८०० रुपये तीन वर्षं कपाटात साडीखाली ठेवले असते तरी तेवढेच, वर हजार-दोन हजार वाचले असते.

एकच वस्तू. शंभरला घेतली तर बरी, १३२ ला घेतली तर बेकार.

म्हणून जावईबापूंचा फोन आल्यावर पहिला विचार आला, ती १३२ वाली चारशे तरी काढून टाकू, तोटा तरी दाखवता येईल. आमच्या सीएंनी हसून सांगितलं, काका, डीमॅटमध्ये जे आधी आलं ते आधी गेलं असं धरतात. तुम्ही ४०० विकली तर ती तुमच्या शंभरवाल्या अकराशेतली जाणार. १३२ वाली रांगेत शेवटी. म्हणजे मला जे विकायचंय ते विकताच येत नाही! मनातल्या मनात मी चारशे युनिटांवर लाल खूण केली होती, ती खूण फक्त माझ्याच वहीत होती.

त्यानंतर माझा प्रश्नच बदलला. काय भावाला घेतलं हे सोडून दिलं. आज नव्वदीला हे कुणी समोर ठेवलं तर घेईन का? बारा रुपयांतला मुद्दलाचा भाग सोडला तरी पोस्टाच्या ८.२ पेक्षा थोडं वर पडतं, आणि २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीपासून उतरत जूनमध्ये ५.५ वर आला, म्हणजे पोस्टाचे दर पुढं वाढण्यापेक्षा उतरण्याचीच भीती. तर हो, घेईन, पण नव्यानं भर घालणार नाही. ठेवतो.

जावईबापूंचं विकणंही बरोबर आहे, हे मात्र सांगितलं पाहिजे. ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात. व्याजाचा भाग त्यांच्या हातात पडेपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास गळतो. माझं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली, कापलेला १० टक्के टीडीएस रिटर्न भरून परत येतो. सासऱ्याला जे औषध लागू पडतं ते जावयाला विष होऊ शकतं.

आता दुसरा मुद्दा, आणि इथं मी घरात एकटा पडलोय. माझ्याकडं पॉवरग्रिडचे शेअरही आहेत. २०१३ च्या डिसेंबरात सरकारनं आणि कंपनीनं मिळून जो फॉलो-ऑन इश्यू (बाजारात आधीच असलेल्या कंपनीची पुन्हा शेअरविक्री) आणला, भाव ९०, किरकोळ गुंतवणूकदाराला सवलतीनं ८५.५०. मी ३०० घेतले, २५,६५० रुपयांत. २०२१ ला तीनाला एक बोनस, म्हणजे तीन शेअरमागं एक फुकट, २०२३ ला पुन्हा तीनाला एक. आज ५३३ आहेत. २०२३-२४ चा लाभांश शेअरमागं ११.२५ होता, २०२४-२५ साठी ९ रुपये. म्हणजे ४,७९७. मूळ रकमेवर बघा, १८ टक्क्यांच्या वर! मी हे कट्ट्यावर मिशीला पीळ देऊन सांगायचो.

२०२५ मध्ये मुलीनं पीळ उतरवला. "बाबा, आज तीनशे भाव आहे. ५३३ शेअर म्हणजे १ लाख ६० हजार. त्यावर ४,८०० म्हणजे तीन टक्के. पोस्टात ठेवले तर तेरा हजार येतील." गणितात काही चूक नाही. करही लागणार नाही. बोनसच्या शेअरची खरेदी शून्य धरतात तरी, जुन्या तीनशेला खरेदी म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरता येतो, आणि सगळा नफा वर्षाच्या सव्वा लाखाच्या करसवलतीत बसतो. लाभांशही ११.२५ वरून ९ वर आला, तोही विकण्याच्याच बाजूनं बोलतो.

तरी मी शेअर विकत नाही. कारण सबस्टेशनवाल्याचं आहे. इन्विटमधल्या लाईनी उभ्या राहून झाल्या. परळी, वरोरा २०१८ च्या. त्यांचं भाडं करारात लिहिलेलं, ते महागाईबरोबर पळणार नाही. ट्रस्टला हातातल्या रकमेतले ९० टक्के वाटावेच लागतात, उरत काही नाही, नवी लाईन घ्यायची तर कर्ज काढावं लागतं. कंपनीचं उलट. ती लाभांश देऊन उरलेला पैसा नव्या लाईनीत घालते, आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरांनुसार चालणाऱ्या जुन्या प्रकल्पांवर तिला स्वतःच्या भांडवलावर १५.५ टक्के परतावा धरून मिळतो. २०२४ मध्ये गुजरातच्या खावड्याहून नागपूरला ८०० केव्हीची डीसी लाईन टाकायचं काम तिला मिळालं, ६००० मेगावॅटचं. कच्छच्या रणातलं ऊन आणि वारा नागपूरला येणार. लाभांश ११.२५ चा ९ झाला तेव्हा मला राग आला नाही. कामं वाढली की ठेकेदाराच्या घरी भाजी साधी होते.

म्हणून मी शेअरकडं उत्पन्न म्हणून बघणं सोडलं. किराणा इन्विट आणि पोस्टातून. शेअर नातीसाठी. मुलीला हे पटलेलं नाही. हिला पटलंय, पण तिचं कारण निराळं: "विकून पैसे घरात आले की तुम्ही पुन्हा कट्ट्यावरचं ऐकाल."

टोल रस्त्याचं इन्विट घेतलेला माझा एक जुना सहकारी आहे. तो दर भेटीत रडतो की भाव वर्षानुवर्षं खालीच. त्याला कितीदा सांगितलं, रस्ता मुदत संपली की सरकारला परत करायचा असतो. शेवटी हातात काही उरत नाही, म्हणून भाव उतरणारच. वाटप नीट आलं का तेवढं बघ. ट्रान्समिशनचं तसं नाही. ३५ वर्षांनी टॉवर, तारा, सबस्टेशनची जागा मालकाचीच राहते. तेव्हा भाडं किती ठरेल ते देव जाणे, पण भंगार म्हणून का होईना, काहीतरी असतं. वरोरा-परळीचा करार २०५३ च्या सुमारास संपेल. मी तेव्हा ९१ चा.

सेवेबद्दल दोन शब्द. वाटप वेळेवर येतं, एकदाही चुकलं नाही. माझे मात्र २०२३ मध्ये दोन वेळचे नऊ हजार अडकले, आणि त्यात ट्रस्टचा काही दोष नव्हता. माझी बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली, आयएफएससी बदलला. मी बदलाचा फॉर्म आमच्या सब-ब्रोकरकडं दिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मी विचारलं की "काका, वर पाठवलाय." तीन महिन्यांनी ड्रॉवर माझ्यासमोरच उघडला, तर फॉर्म तिथंच, वर चहाच्या कपाचा गोल डाग. शेवटी रद्द केलेला चेक आणि क्लायंट मास्टर लिस्ट (डीमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद) मीच युनिटांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला ईमेल केली, नातीकडून स्कॅन करून. मग पैसे आले. तुमचा बँकेचा तपशील डीमॅटला बरोबर आहे का ते आजच बघा, वाटप अडकल्यावर बघू नका.

आणि रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्याच्या नावावर युनिट त्यालाच वाटप) आदल्या दिवशी तीन रुपयांसाठी युनिटं घेणाऱ्यांना नमस्कार. दुसऱ्या दिवशी भाव तेवढाच उतरतो. वर ब्रोकरेज गेलं.

गुण द्यायचे तर पाचात साडेतीन. एक गुण कापला तो आकडा वाढत नाही म्हणून, अर्धा कापला तो कागद सामान्य माणसाला कळेल असा लिहीत नाहीत म्हणून. १३२ ला घेतल्याबद्दल कापायचे गुण माझेच आहेत, ट्रस्टचे नव्हेत. मी सेबीकडं नोंदलेला सल्लागार नाही, रिटायर्ड ऑपरेटर आहे. तुमचं उत्पन्न, तुमचा कर, तुमचं वय धरून बघा.

काल रात्री वहीच्या शेवटच्या पानावर हिच्यासाठी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. नॉमिनी तूच आहेस. मी नसलो आणि पैसे लागले तर आधी इन्विट विक, शेअरला हात लावू नकोस. भाव १३० च्या वर गेला तर मी असतानाच विकायला लाव, मी ऐकणार नाही, तरी लाव. तिनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे १३० कशाला? १३२ ला घेतलेली होती ना ती?"

मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.